शिडाच्या बोटीतील सदोष फेरबदलांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
बोट दुरुस्ती व फेरबदल विभाग

विषय: २१ फुटी शिडाच्या बोटीचे चुकीचे काम आणि उरलेल्या ६०,००० रुपयांची मागणी

महोदय,

काल तुमच्या ऑफिसमधून बाकी पैशांसाठी व्हॉट्सॲपवर चौथा मेसेज आला. ‘काम पूर्ण, कस्टमर खूश’ असं त्यात लिहिलंय. कस्टमर मी आहे, म्हणून हे पत्र.

मे महिन्यात बोट तुमच्या ताब्यात दिली, तेव्हा तासभर बसून एकच गोष्ट सांगितली होती: ही ट्रेलरवरची बोट आहे. जेटीवर कायमची जागा घेणं मला परवडत नाही. ती मालाडला सोसायटीच्या आवारात उभी असते, सेक्रेटरींच्या कृपेने, आणि ती कृपा दरवर्षी थोडी आटत चालली आहे. शनिवारी गाडीला जोडायची, भरतीची वेळ साधून मार्व्याला पाण्यात सोडायची, रविवारी परत. मला हवं होतं एवढंच: दोघांना रात्री पाठ टेकता यावी, चहा-खिचडी करता यावी, दिवसा डोक्यावर सावली आणि आत वारा.

डोलकाठीच्या बुडाला बिजागरी होती. मी आणि माझी मुलगी, एक बांबू आणि ट्रेलरची विंच, एवढ्यावर वीस मिनिटांत डोलकाठी उभी राहायची. तुम्ही न विचारता ती बिजागरी काढली आणि जागी जाड स्टीलची घट्ट बैठक बसवली. कारण विचारलं तर ‘मजबुतीसाठी’. आता डोलकाठी वरून सरळ उचलून बैठकीत सोडावी लागते. मार्व्याला त्यासाठी हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, बोलवावी लागली. उभी करायला एकदा, उतरवायला एकदा, प्रत्येकी २,५०० रुपये. न उतरवता घरी आणायची म्हटलं, तर वाटेत विजेच्या तारा आहेत. तुमच्या मजबुतीपायी माझी ट्रेलरवरची बोट ट्रेलरवरची राहिलीच नाही.

वजनाचं तसंच. मी वीस लिटरचे दोन कॅन ठेवायला खण मागितला होता, तुम्ही पुढच्या टोकाला १०० लिटरची टाकी बसवली. भरली की शंभर किलो, तेही नेमकं तोंडावर. बोट नाक खाली घालून तरंगते. बसायच्या जागेतलं पाणी मागच्या भोकांतून बाहेर जायला हवं, ते उलट केबिनच्या दाराशी जमतं. काट्यावर वजन केलं: तुमच्याकडे देताना ट्रेलरसकट १,२४० किलो, परत आल्यावर टाकी रिकामी असताना १,५२० किलो. ट्रेलरच्या पाटीवर मर्यादा १,४०० आहे. दोन्ही काटापावत्या सोबत जोडल्या आहेत.

आता गॅस. पाच किलोचा सिलिंडर तुम्ही झोपायच्या फळीखाली, बंद खणात ठेवलाय. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साचून राहील, तिथून आपोआप बाहेर पडणार नाही. त्या खणाला बाहेर उघडणारं एक भोकही नाही. शेजारीच बॅटरीची वायर, तीही बिनफ्यूजची. मी सिलिंडर काढून घरी ठेवला आहे आणि खिचडीचा बेत रद्द केला आहे.

ऑक्टोबरमध्ये मनोरीच्या खाडीत नांगर टाकून एक रात्र काढली. पुढची उघडणारी झडप काढून तुम्ही तिथे पक्की काच बसवलीये. पूर्वी तीच झडप उघडली की वारा आपसूक आत यायचा. आता आत भट्टी. तुमच्या सुपरवायझरना फोन केला तर म्हणाले, ‘छोटा एसी टाकून देऊ.’

त्या रात्री झोप नव्हतीच, म्हणून टॉर्च घेऊन फळ्या तपासल्या. कोटेशनमध्ये मरीन प्लाय, आयएस ७१० असं लिहिलंय. हा प्लाय ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. फळी उलटी केली तर खालच्या अंगाला शिक्का आयएस ३०३ चा, म्हणजे सर्वसाधारण वापराच्या प्लायचा. कापलेल्या कडेला वार्निशचा हात फिरलेलाच नाही. कड फुगलेली, नख घातलं तर थर वहीच्या पानांसारखे सुटतात. सकाळी किनाऱ्यावरच्या एका कोळीदादांनी ती कड अंगठ्याने दाबून पाहिली आणि काही न बोलता अंगठा पँटला पुसला.

सावलीचं कापड मात्र उत्तम शिवलंय. ज्यांनी शिवलं त्यांना माझा नमस्कार कळवा.

३,८५,००० पैकी ३,२५,००० रुपये दिले आहेत. बाकीचे आत्ता देणार नाही. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बोट स्वखर्चाने नेऊन बिजागरी आणि झडप पूर्ववत करा, टाकी काढा, गॅसचा खण बाहेर उघडणारा करा, वायरिंगला फ्यूज लावा, फळ्या कोटेशनप्रमाणे बदला. हायड्राचे ५,००० रुपये वेगळे. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात जाईन. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘वाद फक्त आमच्या शहरात’ छापलंय, पण या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यातही तक्रार करता येते.

आणि बोट न्यायला येणाऱ्या माणसाबरोबर माझी जुनी बिजागरी पाठवा. ती भंगारात गेली असेल तर कोणत्या भंगारवाल्याकडे तेवढं कळवा, मी स्वतः जाऊन शोधतो.

आपला ग्राहक,
मालाड (पश्चिम), मुंबई

सोबत: कोटेशनची प्रत, दोन काटापावत्या, प्लायच्या शिक्क्याचा आणि कडेचा फोटो