आई, ते 'गप्प गप्प' तू टिपलंस म्हणून

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाइट ड्यूटी करून आत्ताच घरी आले. काल फोनवर आई तुझ्या बोलण्यामागे बाबांचा रेडिओ ऐकू आला आणि जीव भांड्यात पडला. पण एक गोष्ट फोनवर बोलायला जमत नाहीये, म्हणून लिहिते.

मागच्या महिन्यात तुझा पहिला फोन आला तो शुक्रवारी. "हे जरा गप्प गप्प असतात गं. चहा अर्धा ठेवतात. काल पोफळींना पाणी लावायलाही उठले नाहीत." मी वॉर्डात होते, हातात औषधांचा ट्रे. ताप आहे का विचारलं, तू नाही म्हणालीस. बीपी घरच्या मशीनवर १२८-७६. साखर सकाळीच तपासलेली, ठीक. मी म्हटलं, "थकले असतील, वय झालं आता, पडू दे त्यांना," आणि फोन ठेवला. बारा वर्षं नर्स असलेली तुमची मुलगी हे बोलली. रविवारी तू परत फोन केलास, की आज वार कुठला ते तिसऱ्यांदा विचारतायत, तेव्हा कुठे माझ्या पोटात धस्स झालं. शेजाऱ्यांच्या गाडीतून बाबांना चिपळूणला नेलं, रक्त तपासलं, तर सोडियम (मिठात असतं तेच) १२१. ते १३५ ते १४५च्या मध्ये असायला हवं.

आई, तू मनाला लावून घेतलंयस की जेवणात मीठ कमी घातलं म्हणून असं झालं. तसं नाहीये. बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं. काही वयस्क माणसांचं सोडियम त्याने उतरतं. मग मेंदूच्या पेशींमध्ये पाणी शिरतं, माणूस सुस्तावतो, गोंधळतो, आणखी उतरलं तर झटकेसुद्धा येतात. आणि ते चढवायचंही हळूहळूच, घाई केली तर मेंदूला इजा होते. म्हणून बाबांना इतके दिवस ठेवून घेतलं.

मला बोलायचंय ते त्या दोन दिवसांबद्दल. बीपी, ताप, साखर, सगळे आकडे जागेवर होते. बदल फक्त तुझ्या वाक्यात होता, आणि मी आकड्यांवर विश्वास ठेवला.

हे माझ्याकडून दुसऱ्यांदा झालं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वॉर्डात न्यूमोनियाचे एक आजोबा होते. सकाळी त्यांची बायको म्हणाली, "सिस्टर, हे उठल्या उठल्या चष्मा मागतात. आज मागितला नाही." मी टीपीआरचा, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता भरत होते. ताप उतरलेला, नाडी जरा जलद, आणि श्वासाच्या रकान्यात मी २० लिहिलं. न मोजता. त्या काळी सगळ्यांच्याच रकान्यात २० असायचं, आधीच्या पाळीच्या नर्सनीही तेच लिहिलेलं. दुपारी सिस्टर इनचार्ज आल्या, कॉटच्या पायथ्याशी नुसत्या उभ्या राहिल्या आणि घड्याळ बघून म्हणाल्या, "बत्तीस." संध्याकाळी आजोबांना आयसीयूत हलवावं लागलं. ते वाचले, पण तो रकाना मी विसरले नाही. तेव्हापासून एकही श्वास न मोजता लिहिलेला नाही.

श्वास कसा मोजायचा ते तुलाही सांगते. 'मोजते हं' असं सांगितलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून आम्ही आधी मनगट धरून नाडी बघतो, आणि नाडी मोजून झाली तरी हात सोडत नाही. माणसाला वाटतं नाडीच चाललीय, आणि आपण छातीकडे, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास असतात. बिघाड व्हायला लागला की पुष्कळदा आधी श्वास वाढतो, बीपी बरंच नंतर पडतं. साध्या मशीनला बीपी कळतं, श्वासासाठी मात्र माणूसच लागतो, आणि त्यामुळेच तो सगळ्यात दुर्लक्षित राहतो.

इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१२ साली एक तक्ता काढला. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, माणूस किती शुद्धीवर आहे, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज वाढली की डॉक्टरांना बोलवायचं. २०१७मध्ये तो सुधारला, तेव्हा 'नव्याने आलेला गोंधळ' ही वेगळी नोंद त्यात घातली आणि तिला एकटीला ३ गुण दिले. मिनिटाला २५ किंवा जास्त श्वासांनाही तेवढेच, ३. हे वाचलं तेव्हा मला त्या आजोबांचा चष्मा आठवला होता. आता बाबांचा वार आठवतो.

पण हा गोंधळ 'नवा' आहे हे सांगणार कोण? पहिल्यांदाच भेटलेल्या नर्सला ते दिसत नाही. तिला वाटतं, म्हातारं माणूस, असंच असेल. अमेरिकेतल्या क्रिस्टीन टॅनर या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने २००६ साली आमच्या कामातला निर्णय कसा घडतो ते मांडलं. आधी लक्ष जाणं, मग त्याचा अर्थ लावणं, कृती करणं, आणि नंतर मागे वळून त्याच्याकडे बघणं. तिचा भर याच्यावर होता की समोरचा माणूस एरवी कसा असतो हे माहीत असल्याशिवाय लक्षच जात नाही. आई, गाईने वैरण हुंगून सोडली की तू डॉक्टर यायच्या आधी गोठ्यात जाऊन तिच्या पोटाला हात लावायचीस. कोणी शिकवलं होतं तुला? रोजची गाय माहीत होती, म्हणून.

म्हणून माझी एक विनंती आहे. कुणी "वय झालं" म्हटलं, मी म्हटलं तरी, गप्प बसू नकोस. वय दोन दिवसांत होत नाही. वयस्क माणसांना जंतुसंसर्ग झाला तरी कधी कधी तापच येत नाही. खाणं सुटतं, तोल जातो, बोलणं भरकटतं, तेवढंच दिसतं. दोन-चार दिवसांत बदललं असेल, तर त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते शोधायचं.

डॉक्टरांना सांगताना "यांना बरं वाटत नाही" एवढंच सांगू नकोस. पाळी बदलताना आम्ही पुढच्या नर्सला ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती देतो तसं सांग. आत्ता काय होतंय, आधीपासून काय आहे आणि गोळ्या कुठल्या, तुला काय वाटतं, आणि तुला काय हवंय. "बुधवारपर्यंत हे बागेत जायचे, आता वार आठवत नाही, नवी गोळी तीन आठवडे चालू आहे, मला हे साधं वाटत नाही, आज रक्त तपासा." असं सांगितलं तर कुठलाही डॉक्टर मान वर करून बघेल. गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत ने, नावं आठवत बसू नकोस.

बाबा, तुम्हालाही एक सांगायचंय. तुम्ही दवाखान्यात प्रत्येकाला "काही नाही, बरा आहे मी" म्हणत होतात. आईला त्रास नको म्हणून म्हणता, हे मला कळतं. पण तुम्ही बरा आहे म्हणालात की आईचं खरं निरीक्षण खोटं पडतं. चक्कर आली तर आली म्हणा. पहाटे उठताना आधी कॉटच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसा, मग उभे राहा. आता बदलून दिलेल्या नव्या गोळीवर बीपी उभं राहताना उतरतं का ते पाहायचंय. झोपून एकदा आणि उभं राहून तीन मिनिटांनी एकदा मोजा, वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर मला लगेच कळवा.

पाकिटात एक घडी केलेला कागद आहे. पहिल्या ओळीत मी काहीच लिहिलेलं नाही. तिथे बाबा बरे असताना कसे असतात ते तू लिही. किती वाजता उठतात, किती चहा घेतात, बागेत किती वेळ, रात्री किती वेळा उठतात, शांत बसले असताना श्वास किती. हे बरे असतानाच लिहायचं, म्हणून घाई करतेय. एक प्रत बाबांच्या फाइलमध्ये लाव आणि एक मला पाठव.

तुझाही एक कागद आहे, दुसऱ्या रंगाचा. तो बाबा भरतील.

बुधवारी रात्री आठ वाजता फोन करते, कागद समोर ठेवा.

तुमची,
मनू