कणकेतला कोंडा फेकू नका

संपादक महोदय,

आतड्याच्या कर्करोगावरच्या बहुतेक लेखांत शेवटी 'तंतुमय पदार्थ खा' एवढं म्हणून विषय संपतो. मी सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना डबे देते, म्हणून त्यापुढचं लिहिते आहे.

पोळी पांढरी दिसावी, रात्रीपर्यंत मऊ राहावी म्हणून आमच्या धंद्यात कणीक बारीक चाळणीने चाळतात, वर मैदा मिसळतात. चाळणीत उरलेला तांबूस कोंडा गोठ्यात जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, ज्वारीत १०. मैद्यात ३ सुद्धा नाहीत. आणि २०११ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात रोजच्या दर १० ग्रॅम जादा तंतूंमागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसला. हा संबंध फळं-भाज्यांपेक्षा धान्यातल्या तंतूंशी अधिक स्पष्ट होता. आतड्यातले जिवाणू हे तंतू आंबवतात, त्यातून तयार होणारं ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराला पोसतं. शिवाय मळ तुंबून राहत नाही.

मुलं म्हणतात, "काकू, रात्री इसबगोल घेतो की!" बद्धकोष्ठाला ते ठीकच आहे. पण २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत, आतड्यातल्या गाठी (यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होऊ शकतो) काढलेल्या लोकांना तीन वर्षं रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल दिलं, तर नव्या गाठी कमी झाल्या नाहीत, उलट जास्तच आढळल्या. जेवणाची जागा पुडी घेऊ शकत नाही.

भाकरी खाल्ली म्हणजे कर्करोग होणारच नाही, असंही कुणी समजू नये. शौचातून रक्त जात असेल, सवय अचानक बदलली असेल, तर 'मूळव्याध असेल' म्हणून अंगावर काढू नका. वय पंचवीस असलं तरी डॉक्टरांना दाखवा.

माझ्या डब्यात न चाळलेल्या कणकेची पोळी असते, अधूनमधून ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, पोटात गॅस होतो अशी तक्रारही येते. म्हणून तंतू हळूहळू वाढवावेत, पाणी भरपूर प्यावं.

पेठांतल्या मेसचालकांना कळकळीची विनंती आहे: फळ्यावर आजची भाजी लिहिता, तशी पोळी कोणत्या पिठाची आहे हेही लिहा. आणि भाकरीसाठी मुलांकडून वेगळे पैसे घेऊ नका.

– डबे देणारी एक काकू, सदाशिव पेठ, पुणे