नोंदवहीत पगारी माणसाचेही नाव हवे : ब्रिटनच्या मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
कॅबिनेट ऑफिस, व्हाइटहॉल, लंडन

विषय : लॉबिंगच्या कायद्याची व्याप्ती वाढवण्याबाबत

स. न. वि. वि.

लॉबिंग, म्हणजे सरकारचे मन आपल्या बाजूने वळवण्याचे काम, करणाऱ्यांची नोंद ठेवण्यासाठी ब्रिटनच्या संसदेने २०१४मध्ये केलेला कायदा आपल्या खात्याच्या अखत्यारीत येतो, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. भारतीय नागरिकत्व न सोडता या देशात राहणाऱ्या आम्हा लोकांना राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून इथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करता येते. त्या मताच्या अधिकारानेच मी ही मागणी करत आहे, आणि इथल्या मराठी मतदारांनीही ती आपापल्या खासदारांपुढे मांडावी या इच्छेने ती मराठीत आणि जाहीरपणे करत आहे. मागणी अशी की, मंत्र्याचे मन वळवण्यासाठी जो कोणी मोबदला घेऊन बोलतो त्याचे नाव आणि त्याच्या बोलण्याचा विषय लोकांना कळलाच पाहिजे, मग तो बाहेरून नेमलेला सल्लागार असो की कंपनीचा पगारी माणूस.

सध्याचा कायदा नोंदणीचे बंधन घालतो ते फक्त दुसऱ्यासाठी लॉबिंग करणाऱ्या सल्लागारावर, आणि तेही त्याची व्हॅटसाठी नोंदणी असेल व त्याने थेट मंत्र्याशी किंवा खात्याच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याशी संपर्क साधला असेल तरच. मंत्र्यांच्या राजकीय म्हणजेच ‘विशेष’ सल्लागारांशी, ज्यांचे मत मंत्री रोज ऐकतात, कितीही बोलणे झाले तरी ते या कायद्याच्या बाहेर राहते. एखादी बँक किंवा बांधकाम कंपनी हेच काम स्वतःच्या नोकरीतल्या माणसाकडून करून घेत असेल, तर त्याचे नाव नोंदवहीत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. काम तेच असताना पैसे बिलाने मिळतात की पगाराने, एवढ्यावरून जनतेचा माहितीचा हक्क ठरावा, याचे समर्थन मला कुठेही सापडले नाही.

या पळवाटेचा परिणाम देशाने पाहिलेला आहे. पंतप्रधान होण्याच्या काही महिने आधी, फेब्रुवारी २०१०मध्ये, डेव्हिड कॅमेरन यांनी पुढचा मोठा घोटाळा लॉबिंगचा असेल असा जाहीर इशारा दिला होता, आणि २०१४चा कायदाही त्यांच्याच सरकारने केला. पद सोडल्यानंतर २०१८मध्ये ते ग्रीन्सिल कॅपिटल या वित्तपुरवठा करणाऱ्या कंपनीचे पगारी सल्लागार झाले आणि तिच्या भरभराटीत त्यांचे आर्थिक हित गुंतले. कंपनीचे संस्थापक लेक्स ग्रीन्सिल यांना त्याआधी, कॅमेरन पंतप्रधान असताना, आपल्याच कॅबिनेट ऑफिसमध्ये सल्लागार म्हणून जागा मिळाली होती. २०२०मध्ये कोविडच्या काळात सरकारने मोठ्या कंपन्यांसाठी बँक ऑफ इंग्लंडमार्फत कर्जसाहाय्याची योजना सुरू केली, तेव्हा तीत ग्रीन्सिलचा समावेश व्हावा यासाठी कॅमेरन यांनी तत्कालीन अर्थमंत्री ऋषी सुनक यांच्यासह मंत्र्यांना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना मोबाइलवर संदेश पाठवले, फोन केले. अर्थ खात्याने ती मागणी अखेरीस नाकारली, हेही इथे नोंदवणे न्यायाचे आहे. मार्च २०२१मध्ये कंपनी बुडाली, आणि त्यानंतरच या संदेशांची हकिगत लोकांपुढे आली.

ही नोंदवही सांभाळणाऱ्या निबंधकांनी चौकशी केली आणि कॅमेरन हे कंपनीचे कर्मचारी असल्यामुळे त्यांना नोंदणीची गरज नव्हती, असा निष्कर्ष काढला. निबंधकांना मी दोष देत नाही, कारण कायद्याचे शब्दच तसे आहेत. अर्थ खात्याच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या संसदेच्या ट्रेझरी समितीने जुलै २०२१मध्ये कॅमेरन यांच्या वागण्यात तारतम्याचा मोठा अभाव दिसल्याचे म्हटले आणि त्याच अहवालात त्यांनी नियम मोडला नसल्याचेही सांगितले. नियमच पुरेसे कडक नाहीत, असे त्या समितीचे मत होते. सर्वसामान्य नागरिकाचा विश्वास इथे उडतो, असे मला वाटते. नियम मोडून कोणी पकडला गेला तर निदान नियम जिवंत असल्याचा दिलासा मिळतो. पण जे सर्वांना गैर दिसते ते नियमात चपखल बसते असे अधिकृतपणे कळले, की माणूस व्यवस्थेकडून अपेक्षा करणेच सोडून देतो. नॅशनल सेंटर फॉर सोशल रिसर्च या संस्थेच्या २०२४च्या अहवालात ४५ टक्के लोकांनी, कोणत्याही पक्षाचे सरकार देशाचे हित पक्षहिताच्या वर ठेवील यावर आपला जवळजवळ कधीच विश्वास नसतो, असे सांगितले होते. या अविश्वासाची कारणे अनेक आहेत आणि ती सगळी एका नोंदवहीने दूर होणार नाहीत. त्यातले हे एक कारण मात्र पूर्णपणे सरकारच्या हातातले आहे.

कायदा करताना सरकारचा युक्तिवाद असा होता की, कंपनीचा माणूस मंत्र्याला भेटला तर तो कोणासाठी आला हे उघडच असते आणि मंत्र्यांच्या भेटींची यादी तर प्रसिद्ध होतेच. ग्रीन्सिल प्रकरणाने हा युक्तिवाद निकालात काढला आहे. मोबाइलवरचा संदेश म्हणजे भेट नव्हे, म्हणून तो यादीत येत नाही. आणि ज्या भेटी यादीत येतात त्यांचा हेतू कित्येकदा इतक्या मोघम शब्दांत लिहिलेला असतो की, वाचणाऱ्याला कोणत्या निर्णयाबद्दल बोलणे झाले याचा पत्ता लागत नाही.

जनसंपर्काच्या व्यवसायाबद्दलही इथेच लिहिले पाहिजे, कारण लॉबिंग हा त्याचाच एक भाग आहे. लंडनच्या बेल पॉटिंजर या नामांकित कंपनीने २०१६पासून दक्षिण आफ्रिकेत ओकबे कंपनीसाठी काम केले. ओकबे ही मूळच्या उत्तर प्रदेशातील सहारनपूरच्या गुप्ता बंधूंची कंपनी, आणि त्यांची तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्याशी असलेली जवळीक जगजाहीर होती. महिना १ लाख पौंडांच्या या कामात ‘आर्थिक वर्णभेदा’च्या, म्हणजे अर्थव्यवस्था अजून गोऱ्यांच्याच हातात असल्याच्या, नावाने अशी प्रचारमोहीम चालवली गेली की, वर्णद्वेषाच्या जखमा अजून ओल्या असलेल्या त्या देशात नव्याने तेढ वाढली. तिथल्या विरोधी पक्षाने लंडनमध्ये तक्रार केली, तेव्हा ४ सप्टेंबर २०१७ला पीआरसीए या जनसंपर्क व्यवसायाच्या संघटनेने कंपनीला किमान पाच वर्षांसाठी काढून टाकले. ग्राहक निघून गेले आणि १२ सप्टेंबरला कंपनी दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेली.

संघटनेने आपले कर्तव्य बजावले, याबद्दल तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण ती ऐच्छिक संघटना आहे. तिचे सभासद न होताही कोणाला हा व्यवसाय करता येतो, आणि सभासदत्व गेलेला माणूसही तो चालू ठेवू शकतो. २०१४च्या कायद्याला तर या प्रकरणाशी काही देणेघेणेच नव्हते. जुलै २०२५पासून लागू झालेली परकीय प्रभावाची नोंदणी योजनाही ब्रिटनवर परकीय सत्तांचा पडणारा प्रभाव पाहते. ब्रिटिश कंपनी दुसऱ्या देशाच्या राजकारणात काय करते, हे तिच्या कक्षेत येत नाही. राजकीय स्वरूपाचे काम घेणाऱ्या प्रत्येक जनसंपर्क कंपनीने, ते काम देशात असो की परदेशात, आपल्या ग्राहकांची यादी जाहीर करावी असे बंधन कायद्याने घालणे मला आवश्यक वाटते.

हे अशक्य नाही. शेजारच्या आयर्लंडमध्ये २०१५च्या कायद्यानुसार दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला स्वतःच्या माणसांनी केलेल्या लॉबिंगचीही माहिती वर्षातून तीनदा द्यावी लागते, मंत्र्यांच्या विशेष सल्लागारांशी झालेला संपर्कही त्यात धरला जातो, आणि ती माहिती कोणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येते. रुग्णांच्या संघटना, कामगार संघटना, स्वयंसेवी संस्था यांना सरकारपुढे म्हणणे मांडण्याचा पूर्ण हक्क आहे आणि त्यांच्यावर कागदपत्रांचे ओझे पडू नये, ही काळजी मला रास्त वाटते; म्हणून अगदी छोट्या संस्थांना सूट असावी, जशी आयर्लंडने दिली आहे.

ऑक्टोबर २०२५मध्ये सरकारने माजी मंत्र्यांच्या नव्या नोकऱ्यांवर देखरेख करणारी जुनी सल्लागार समिती बंद करून तिचे काम दुसरीकडे सोपवले आणि नीतिमत्ता व सचोटी आयोग स्थापन केला. ते पाऊल मी स्वागतार्ह मानते. लॉबिंगचा कायदा मात्र होता तिथेच आहे. त्यात दुरुस्ती करणारे विधेयक आपण संसदेत आणावे, पगारी लॉबिंग, विशेष सल्लागारांशी होणारा संपर्क आणि मोबाइलवरचे संदेश या तिन्हींचा त्यात समावेश करावा, आणि आज कमाल ७,५०० पौंड असलेला दंड मोठ्या कंपनीला जाणवेल इतका वाढवावा, अशी माझी विनंती आहे. विधेयकाला वेळ लागेल हे मी समजू शकते. तोपर्यंत आपल्या खात्यातल्या मंत्र्यांना आणि त्यांच्या विशेष सल्लागारांना कंपन्यांकडून आलेले फोन आणि संदेश भेटींच्या यादीत, विषय स्पष्ट लिहून, जोडले जावेत असा आदेश आपण देऊ शकता. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

आपली विश्वासू,
ब्रिटनमधील एक मराठी मतदार