यादी उघडते, पण वाचता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीकविमा, अनुदान आणि नुकसानभरपाईच्या याद्या आता पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळांवर मिळतात, ही सोयीची गोष्ट आहे. मात्र आमच्या भागातील शेतकऱ्याने यातील काही याद्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडल्या, की मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि रिकामे चौकोन दिसतात. मोबाइल बिघडला असे समजून तो सेतू केंद्रावर येतो, तर तिथेही तेच. आणि कार्यालयात विचारावे तर ‘आमच्या कॉम्प्युटरवर बरोबर दिसते’ असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते, पण बिघाडाचे मूळ नेमके त्यातच आहे.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षर मराठी दिसत असले, तरी फाइलच्या आत साठवलेले असतात ते रोमन अक्षरांचेच संकेत. ‘कापूस’ टंकलिखित केले, की आत डी, के, आय, डब्ल्यू, एल एवढेच उरते. त्याला मराठी रूप देण्याचे काम फॉन्ट करतो. तो फॉन्ट कार्यालयातील संगणकावर बसवलेला असतो, शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये नसतो. पीडीएफ तयार करताना तो फाइलमध्ये समाविष्ट केला नाही, तर ब्राउझर हाताशी असलेला दुसरा फॉन्ट लावतो आणि आतली रोमन अक्षरे उघडी पडतात.

पडताळणी अवघड नाही. फाइल संगणकावर उतरवून अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडावी आणि ‘प्रॉपर्टीज’मधील ‘फॉन्ट्स’ हा भाग पाहावा. फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फाइलमध्ये समाविष्ट) असे लिहिलेले असेल, तर अडचण बहुधा ब्राउझरची असते. क्रोम आणि फायरफॉक्स पीडीएफ दाखवण्यासाठी वेगवेगळी यंत्रणा वापरत असल्याने, एकात बिघडलेली फाइल दुसऱ्यात नीट दिसू शकते. ‘एम्बेडेड’ असे लिहिलेले नसेल, तर कॅश (ब्राउझरने साठवलेला जुना मजकूर) साफ करा, ब्राउझर अपडेट करा, हे नेहमीचे सल्ले निरुपयोगी ठरतात, कारण जे फाइलमध्येच नाही ते ब्राउझरने आणावे कुठून?

फॉन्ट समाविष्ट केल्यानेही सगळेच प्रश्न सुटत नाहीत. अशी यादी डोळ्यांना नीट दिसते, पण शेकडो नावांत आपले नाव मराठीत टाकून शोधले तर सापडत नाही, आणि दृष्टिहीन व्यक्तीचे वाचन सॉफ्टवेअर त्यातून निरर्थक अक्षरे उच्चारत राहते. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरी १९९१पासून आहे. नव्या याद्या तरी त्यातच टंकलिखित व्हाव्यात.

जुन्या याद्यांसाठी मात्र पुन्हा टंकलेखनाची गरज नाही. मूळ फाइल आणि तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे, तिथूनच ‘पीडीएफ/ए’ हा पर्याय निवडून ती पुन्हा जतन करावी. २००५ साली आलेल्या या मानकात फॉन्ट समाविष्ट करणे बंधनकारकच आहे. त्यानंतर ती फाइल संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी कार्यालयातीलच एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहावी, एवढीच संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ