नऊ तुकड्यांतला पहिला

रावेर, १४ डिसेंबर

प्रिय मन्या,

कसा शे भो? चौदा महिने झाले तुला लिहून, मोजले मी. मधे तू दोनदा फोन केलास. एकदा मी खरंच शेतात होतो, दुसऱ्यांदा शेतात आहे असं सांगितलं. रागवायचं असेल तर आधी रागवून घे, मग पुढचं वाच. तब्येत ठीक, साखर जरा वर, गोळी चालू.

आता जे झालं ते. मागच्या शुक्रवारी पालच्या रस्त्याला, आपल्या त्या वठलेल्या सालईच्या अलीकडे, सकाळी साडेआठला पिंगळा दिसला. उघड्या फांदीवर, भर उन्हात. ऊन नेमकं माझ्या डोळ्यांवर. डोकं कोरं वाटलं, ठिपका एक नाही. छातीवर गडद पट्टा वाटला. शेपटी झटकल्यासारखी वाटली. वाटलं, वाटला, वाटली... ही सगळी लक्षणं रानपिंगळ्याची, शंभरावर वर्षं बेपत्ता असलेल्या त्या दुर्मीळ पक्ष्याची! पण माझं काय झालं असेल ते तुला सांगायला नको. पाचेक मिनिटांनी तो पळसावर सावलीत जाऊन बसला आणि मान वळवली. डोकंभर पांढरे ठिपके, मानेमागे पांढरी कडी. आपला रोजचा, चिंचेवरचा, म्हातारीच्या शिव्या खाणारा पिंगळा!

हसलो एकटाच. मग वाटलं, हे लिहायला हवं. रानपिंगळा दिसला हे कोणीही लिहील. तीस वर्षं बघणारा माणूस उन्हामुळे कसा फसला, हे नव्या पोरांच्या जास्त कामाचं. आणि गाढवपणा केला तो इथे. वहीत लिहिण्याऐवजी ते एक्सवर लिहिलं.

२०१७ साली तिथली एका मजकुराची १४० चिन्हांची मर्यादा २८० झाली तेव्हा मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते, आठवतं? पण काना, वेलांटी, अनुस्वार सगळे सुटे मोजतात रे. नुसतं 'रानपिंगळा' लिहायला नऊ जातात. (पैसे भरले की लांब लिहू देतात म्हणे. मी आणि पैसे?) म्हणून नऊ तुकडे केले. पहिला असा: 'आज पालजवळ रानपिंगळा दिसला असं वाटलं आणि पाच मिनिटं हातपाय थरथरत होते!' दुसऱ्यापासून ऊन, अंतर, कोन. सातव्यात कबुली. आठव्या-नवव्यात दोघांतला फरक. फार मन लावून लिहिलं होतं, तुझी शपथ.

पहिल्याला सहाशेवर बदाम. सातव्याला चार, त्यांतला एक भाच्याचा, आणि त्याने तो चुकून दाबला होता.

शनिवारी कोणीतरी पहिल्याचा फोटो काढून मोबाइलवरच्या आपल्या पक्षीवाल्यांच्या गटावर टाकला: 'पालला रानपिंगळा! सरांचे अभिनंदन!' खाली दोनशे अंगठे. रविवारी पहाटे दोन गाड्या आल्या. सालईखाली उभं राहून मोबाइलवर रानपिंगळ्याची शीळ लावली, तासभर. तो बिचारा आमचा गावठी पिंगळा कुठल्या कुठे पळाला. मी पोचलो तेव्हा एक पोरगा म्हणाला, "सर, नेमकं कोणतं झाड?" मी म्हणालो, "बाबा, पुढचं नाही वाचलंस?" तर म्हणतो, "पुढे पण होतं का?"

खरं सांगतो, त्याचा राग नाही आला. पोरगा चांगला आहे, पावणेतीनला उठून आला होता. त्याच्यापर्यंत पहिलाच तुकडा पोचला, त्यात त्याचा काय दोष? घरी येऊन मी तो पहिला तुकडा काढून टाकला. तर आता बोंब उठली की मी जागा लपवतोय! दोन दिवस मी 'नोंद दडपणारा' आहे.

आता तू हसतो आहेस. हस. तुझी पाळी येतेच.

तात्यांची खतावणी आठव, आपण सगळे पक्ष्यांच्या नोंदी करायचो ती वही. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ अमेरिकेच्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेनबाईंच्या चमूला रानपिंगळा पुन्हा सापडला आणि त्यानंतर दोन वर्षं अख्ख्या खानदेशाला घरटी एक रानपिंगळा दिसत होता. तुलाही दिसला, लाल शाईत. समासात मी लिहिलं: 'संध्याकाळ, नाल्यापलीकडे, दुर्बीण उसनी.' त्याखाली तू माझ्या डोळ्यांवर, चष्म्यावर आणि घराण्यावर घसरलास. तीन पानं भरली. चार महिने अबोला. शेवटी तात्यांनी खाली लिहिलं, 'दोघेही बरोबर असतील, पक्ष्याला विचारा.' आणि मळ्यातल्या भरिताच्या पंगतीत तू न बोलता माझ्या पुढ्यात कळण्याची भाकरी सरकवलीस. ती नोंद खरी की खोटी हे आजही ठरलेलं नाही (खोटी आहे), पण त्या तीन पानांवर मी पिंगळे ओळखायला शिकलो. तुझी चूक आणि माझी शंका एकाच पानावर होती. एक फाडून दुसरी नेता येत नव्हती.

तू म्हणशील, पोस्टकार्डही छोटंच होतं की. होतं. पण ते आपण पत्त्याच्या बाजूलासुद्धा भरायचो, आणि ते ज्याला जायचं त्याला मागचं सगळं ठाऊक असायचं.

आणि संग्रहालयात पेंढा भरलेल्या पक्ष्याला बांधलेली चिठ्ठी किती नुकसान करते ते या रानपिंगळ्यालाच विचार. इंग्रज अंमलात डेव्हिडसन या साहेबाने त्याचे नमुने आपल्याच पश्चिम खानदेशात गोळा केले. १८८४ नंतर खरा नमुना नाही. माइनर्टझहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातला एक चोरला, स्वतःचा म्हणून नवी चिठ्ठी लावली: मांडवी, गुजरात, १९१४. जागा आणि साल, बास. त्या एवढ्याशा मजकुरावर माणसं चुकीच्या जागी शोधत बसली. रासमुसेनबाईंनी त्या चिठ्ठीवर भरवसा न ठेवता टाक्यांपासून कापसापर्यंत नमुना तपासला, जुन्या खऱ्या जागा धरल्या, आणि शहाद्याला पोचल्या. पक्षी आपला, पत्ता गुजरातचा. तात्या असते तर त्यांनी यावर अर्धा तास भाषण ठोकलं असतं आणि ते कोणाच्याही २८० त बसलं नसतं.

गटावरही हेच रे. दर रविवारी कोणीतरी विचारतं, 'हा कोणता?' मी सविस्तर लिहितो, वर सुप्रभातची फुलं येऊन पडतात, पुढच्या रविवारी तोच प्रश्न. बरं, सोडूनही देता येत नाही. त्या पोराची नि माझी गाठ तिथेच पडली, वहीने पडली नसती. तात्यांच्या वहीचे वाचक मोजून सहा होते, त्यांतले दोघे आपण. हा हिशेब मला सुटत नाही, म्हणून एवढं लिहितोय.

पोरगा परवा पुन्हा आला होता. त्याला सातवा तुकडा समोर बसवून वाचायला लावला. त्यात त्याने एक चूक काढली. बरोबर काढली, मेल्याने.

तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? चिमीला नोकरी लागल्याचं वहिनींकडून कळलं, फार बरं वाटलं. पुण्याचं घर विकू नकोस, घाई करू नकोस, बाकी तुझं तू बघ.

जानेवारीत ये. हतनूरला बदकं उतरलीत, वांगीही चांगली आलीत. खतावणीचा दुसरा भाग तुझ्याकडे आहे हे मला माहीत आहे, नाकारू नकोस. त्या तीन पानांचा फोटो पाठवू नकोस. वहीच घेऊन ये, पोराला दाखवायची आहे. समासातलं घराण्याविषयीचं तेवढं खोडून आण.

तुझा,
दिल्या