कॅसेटमधला आवाज शोधून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात मी एक कॅसेट घेऊन तुमच्या दारात उभी राहिले, तेव्हा ती कुठली, कुणाची, असे काहीही न विचारता तुम्ही तिची फीत उजेडात धरून पाहिली आणि "ही खराब नाही" एवढेच म्हणालात. त्या दुपारचे आभार मी तोंडी मानले होते, परंतु तेवढ्याने माझे समाधान झालेले नाही. अशा जुन्या कॅसेटवरचे संगीत ऐकणाऱ्या इतरांनाही तुमचे काम कळावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

ती कॅसेट बेल्जियममधल्या त्राझेन्यी या गावातली होती. 1981मध्ये तिथले संगीतकार आलँ नेफ यांनी 'इन्सेन म्युझिक' या नावाने कॅसेट काढायला सुरुवात केली. तबकडी छापायची तर शेकड्याने प्रती एकदम घ्याव्या लागत. कॅसेट मात्र मागणी येईल तशी घरच्या यंत्रावर एकेक उतरवता येई, आणि त्यामुळेच कोणत्याही मोठ्या कंपनीने हाती धरले नसते असे संगीत टपालाने देशोदेशी पोहोचले. 'ह्यूमन फ्लेश' या नेफ यांच्या प्रकल्पासाठी तर दूरदूरचे लोक आपला आवाज फितीवर मुद्रित करून पाठवत आणि नेफ त्याभोवती आपले संगीत रचत. मुळात कॅसेट हीच फिलिप्सच्या लू ओटेन्स यांच्या चमूने बेल्जियममधल्या हासेल्ट इथे घडवली आणि 1963मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली, हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

नेफ यांच्या 'स्यूडो कोड' या त्रिकुटाचे संगीत मी आधी नव्याने काढलेल्या तबकडीवर ऐकले आणि त्या ओढीनेच ती जुनी कॅसेट परदेशातून मागवली. पण माझ्या डेकवर ती गोधडीखालून ऐकू यावी तशी वाजत होती. मूळ मुद्रणच असे गढूळ असणार आणि तबकडीसाठी कुणीतरी ते उजळून घेतले असणार, अशी मी मनाची समजूत घातली होती.

तुम्ही डेकचे झाकण काढलेत, डावा आणि उजवा आवाज एकत्र करून घेतलात आणि फीत वाचणाऱ्या हेडशेजारचा छोटा स्क्रू फिरवायला सुरुवात केलीत. पाव फेराही झाला नसेल, तोच तालयंत्राचा धातूसारखा टणत्कार लख्ख ऐकू आला. मग तुम्ही कागदावर आकृती काढून दाखवलीत. हेडची फट फितीशी काटकोनात असावी लागते. ती केसभर कलली, तरी फितीवरच्या ध्वनिपट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवरचा एकच क्षण मागेपुढे वाचला जातो आणि सर्वांत आधी तीव्र स्वर पुसले जातात. फीत अवघी 3.81 मिलिमीटर रुंद आणि तिची गती सेकंदाला 4.76 सेंटिमीटर, त्यामुळे इथे चुकीला जागाच नसते. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचा कल जसा असेल, तसाच आपल्या हेडचा करून घ्यावा लागतो, आणि घरोघरच्या यंत्रांवर भरलेल्या कॅसेटसाठी तो दर वेळी नव्याने शोधावा लागतो.

फितीमागची लोकरीची गादी निघाली होती. ती तुम्ही स्वतःच्या संग्रहातल्या एका कीर्तनाच्या कॅसेटमधून काढून बसवलीत. मी नको म्हणत होते, तुम्ही ऐकले नाहीत. संगणकावर उतरवताना मी फितीची सळसळ गाळून टाकायला सांगितली, त्यालाही तुम्ही ठाम नकार दिलात, कारण सळसळ गाळली की तिच्याबरोबर झांजेचा शेवट आणि गाणाऱ्याचा श्वासही जातो. दोन्ही प्रकारे ऐकवल्यावर मला ते पटले.

व्हेरॉनिका वासिका यांच्या न्यूयॉर्कमधल्या 'मिनिमल वेव्ह' या तबकड्या काढणाऱ्या संस्थेने 2005मध्ये आपली पहिली तबकडी काढली ती 'ऑपेनहायमर अ‍ॅनालिसिस' या लंडनच्या जोडीची, ज्यांनी 1982मध्ये आपले संगीत स्वतःच कॅसेटवर काढले होते. अशा पुनर्प्रकाशनांत मी आजवर मुखपृष्ठ आणि सोबतची माहितीपुस्तिका तेवढी पाहत असे. कुणीतरी मान वाकवून असाच एक स्क्रू फिरवला असेल, हे तुमच्याकडे बसेपर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते.

काका, आणखी दोन कॅसेट आल्या आहेत. या वेळी स्क्रू मी फिरवीन, तुम्ही फक्त शेजारी बसून ऐकावे, अशी विनंती आहे. तुमच्या कीर्तनाच्या कॅसेटसाठी नवी गादीही मिळवली आहे. ती रविवारी घेऊन येते.

आपली नम्र,
तळमजल्यावरची शेजारीण