बाळूस पत्र: सीओटू मशीनचा कॉन्टॅक्टर

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
सोमवार

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ट्रॉलीखाली आडवा होतो, धड बोलता आलं नाही. "वायर येते, गॅस येतो, पण आर्क धरत नाही, आणि आतून गुर्रर्र आवाज येतो," एवढं ऐकलं आणि मला हसूच आलं. आमच्या चारशे ॲम्पिअरच्या सीओटू वेल्डिंग मशीनने याच आठवड्यात जवळपास हेच सोंग आणलं होतं. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पूर्ण वाचल्याशिवाय मशीनचं झाकण उघडू नकोस.

इकडची घाई तुला माहीत आहे. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत उसाच्या ट्रॉल्या बाहेर काढायच्या, त्यामुळे दिवसभर टॅक, म्हणजे जोड धरून ठेवणारे छोटे टाके, मारणं चालू. प्रत्येक टॅकला टॉर्चचं बटण दाबलं की आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारा मोठा स्विच, खट्ट करून ओढतो, ट्रान्सफॉर्मरला तिन्ही फेज जातात. बटण सोडलं की सुटतो. लांब रन मारणाऱ्या मशीनपेक्षा टॅकवाल्या मशीनचा कॉन्टॅक्टर लवकर जातो तो त्यामुळेच. तर आर्क फडफडायला लागला, बीड नुसती वर बसायची, आत मुरायचीच नाही, आणि स्पॅटरचा खच. मालकांनी आधी वायरचा रोल बदलायला लावला, मग टीप, मग सिलिंडरवाल्याला झापलं, शेवटी वेल्डिंगच्या पोराला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी मीटर लावला. कॉन्टॅक्टरच्या वरच्या बाजूला तिन्ही फेजांत 415 व्होल्टच्या आसपास, म्हणजे लाईट बोर्डाची काही चूक नाही. बटण दाबल्यावर कॉइलच्या ए1-ए2 या दोन टोकांवर 110 व्होल्ट येत होते, म्हणजे टॉर्चची केबल आणि कंट्रोल कार्डही निर्दोष. मग बटण दाबलेलं ठेवून एकेका पोलच्या, म्हणजे एकेका फेजच्या कॉन्टॅक्टच्या, वर-खाली मीटर धरला. चांगल्या पोलवर जवळजवळ शून्य दिसतं. आमच्या तिसऱ्या पोलवर आकडा नाचत होता. झालं, तिथेच सापडला. तीन फेजचा रेक्टिफायर दोन फेजांवर कसा सरळ आर्क देणार?

आता नीट ऐक. मशीनच्या तोंडावरचा स्विच बंद केला म्हणजे मशीन मेलं असं धरू नकोस. पुष्कळ मशीनांत तो फक्त कंट्रोलची सप्लाय तोडतो आणि कॉन्टॅक्टरच्या वरच्या टर्मिनलवर 415 तसेच बसलेले असतात. मशीनला सप्लाय देणाऱ्या पॅनेलचा मेन स्विच पाड, तिन्ही फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात घाल, कपॅसिटर उतरायला पाच-दहा मिनिटं थांब आणि मग मीटर लावून खात्री कर. तुझा तो नवा हेल्पर उत्साही आहे म्हणालास, म्हणून खिशाचं सांगितलं.

खोलल्यावर बघतो तर तिसऱ्या पोलच्या कॉन्टॅक्टवरची चांदी पार खाल्लेली, खालचं तांबं उघडं. मालक म्हणाले, पॉलिश पेपर मार आणि चालव. हा रोग सगळीकडे आहे बघ! चांदी नुसती काळी पडली असेल तर तिला हात लावायचाच नसतो; तो काळा थरही करंट नेतो, घासलंस तर आहे ती चांदी जाते. आणि चांदी संपलीच असेल तर घासून येणार कुठून?

पण खरी गंमत लेबलवर होती. आधी कोणीतरी बदललेला हा कॉन्टॅक्टर, त्यावर ठळक 32 ॲम्पिअर. खाली बारीक अक्षरात, एसी-1 ला 32, एसी-3 ला 18. एसी-1 म्हणजे हीटरसारखा शांत लोड, एसी-3 म्हणजे मोटर. ट्रान्सफॉर्मर तर चालू होताना मोटरइतकाच, कधी जास्तच झटका देतो, आणि आमचं मशीन पूर्ण करंटवर 25 च्या पुढेमागे ओढतं. म्हणजे तो बिचारा पहिल्या दिवसापासून मरतच होता. दुकानदाराला नुसतं "बत्तीसचा द्या" म्हटलं की असंच होतं. मी एसी-3 ला 40 चा आणला, कॉइल 110 ची. कॉइलचं व्होल्टेज जुन्या कॉइलवर वाचूनच घे: 230 ची 110 वर ओढत नाही, आणि 110 ची 230 वर क्षणात धूर काढते. मदतीचा कॉन्टॅक्टही बघ, 13-14 (ओढल्यावर जुळणारा) हवा की 21-22 (ओढल्यावर सुटणारा).

तिसऱ्या फेजच्या वायरीच्या टोकाचा लग निळा पडला होता, वायरचं कव्हर कडक. तसंच नव्यावर बसवलं असतं तर नवाही गेला असता. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली, नवा लग क्रिंप केला. वायरी सोडायच्या आधी फोटो काढून नंबरचे फेरूल घातले होते, म्हणून जोडणीला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी मेन पाडून सगळे स्क्रू पुन्हा आवळले, एक अर्धा आटा फिरलाच.

तुझ्या मशीनची गुर्रर्र मात्र थोडी वेगळी वाटते. ग्राइंडिंगची धूळ कॉन्टॅक्टरच्या एकमेकांना चिकटणाऱ्या लोखंडी तोंडांत अडकली असेल, नाहीतर त्या तोंडावरची तांब्याची छोटी रिंग तुटली असेल. कॉइलला व्होल्ट कमी मिळाले तरीही असंच होतं. तोवर बटण दाबून धरू नकोस; अर्धवट ओढलेली कॉइल कितीतरी पट करंट घेते आणि जळते. आधी ए1-ए2 चे व्होल्ट बघ. ते बरोबर असतील तर खोलून कोरड्या ब्रशने साफ कर, रिंग बघ. रिंग तुटली असेल तर नवाच कॉन्टॅक्टर घाल.

लेबलचा आणि कॉइलचा फोटो पाठव. गुरुवारी मी सामान आणायला जाणार आहे, तुझाही घेऊन ठेवतो. पैशाचं नंतर बघू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप

ता. क. जुना कॉन्टॅक्टर भंगारात टाकू नकोस. कॉइल चांगली असेल तर मला हवी आहे.